पिठोळं नावाचा शब्द

मी एक शब्द आहे. आता शब्दानंच ‘मी बोलतोय’ म्हणायचं म्हणजे गंमतच आहे, कारण मला स्वतःहून काही बोलता येत नाही. कुणीतरी मला बोलावं लागतं. कुणाच्या तरी छातीतली हवा, कुणाची तरी जीभ, दोन ओठ, एवढं उसनं मिळालं की मी क्षणभर असतो, मग नसतो. तुम्ही हे वाचताय तेवढा वेळ मी तुमच्या तोंडात आहे असं धरून चाला आणि माझं ऐकून घ्या. फार दिवसांत मला कुणी तोंडात घेतलेलं नाही.

माझं नाव पिठोळं. अर्थ सांगायला अगदी सोपा, डोक्याला बांधायचं फडकं. कोशात शोधायला जाऊ नका, मी तिथं सापडणार नाही. कोशात माझे बडे नातेवाईक ऐसपैस बसलेत. फेटा आहे, पागोटं आहे, मुंडासं आहे. रुमाल तर फारसीतून आला, तोही तोंड पुसायला, आणि बघता बघता डोक्यावर चढून बसला. स्कार्फ काल-परवाचा, पण त्याची ऐट काय विचारता! माझ्या मागं ना कुळ ना मूळ. मी एका बेकरीत जन्मलो, मैदा मळायच्या टेबलाशी, आणि जन्मभर एका घराबाहेर फारसा गेलो नाही.

त्या बेकरीत सगळ्याला एकच शब्द होता, फडकं. टेबल पुसायचं तेही फडकं, फुगत ठेवलेला गोळा झाकायचा तेही फडकं, हात पुसायचं तेही फडकं, आणि केसांत मैदा जाऊ नये म्हणून बायका डोक्याला बांधायच्या तेही फडकंच. ‘अगं, फडकं दे’ म्हटलं की हाताला येईल ते पुढं यायचं. एकदा तर टेबल पुसलेलं ओलं फडकं एकीनं घाईघाईत डोक्याला गुंडाळलं आणि दिवसभर तिच्या केसांत खमिराचा वास येत राहिला. बायका हसून हसून बेजार झाल्या.

तिथं दोन बहिणी कामाला होत्या. थोरली आधीपासूनची, हात चालवायला आणि तोंड चालवायला सारखीच पटाईत. धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा दारातच घुटमळत उभी राहिली. मैद्याच्या पोत्याचं पांढरं कापड धुऊन, चौकोनी कापून थोरलीनं घरून आणलं होतं. तिनं ते त्रिकोणी दुमडलं आणि धाकटीला समोर ओढलं.

“हे फडकं कशाला?” धाकटी म्हणाली.

“फडकं नको म्हणूस. टेबल पुसायला जायचं. हे तुझं पिठोळं.”

“काय?”

“पिठोळं. पीठ डोक्यात जाऊ नये म्हणून बांधायचं ते पिठोळं.”

“असा शब्द आहे?”

“आता आहे. मान खाली कर.”

असा माझा जन्म झाला. धाकटीनं मान खाली केली, थोरलीनं मागं गाठ मारली, कानामागची बट आत खोचली आणि डोक्यावर एक टपली मारली. धाकटीनं मला पहिल्यांदा उच्चारलं ते हसत हसत, चव घेतल्यासारखं, ‘पिठोळं, पिठोळं’. शब्दाला आई असते का मला ठाऊक नाही. मला मात्र त्या दोघींच्या मधे कुठंतरी जन्मल्यासारखं वाटतं.

पुढची वर्षं माझी चैनीची होती. आठवडाभरात टेबलावरच्या सगळ्या बायका मला बोलू लागल्या. भट्टीवाला नाकं मुरडायचा, ‘हे कसलं गावंढळ नाव’ म्हणायचा, पण घामानं निथळायला लागला की तोच ओरडायचा, “अरे, माझं पिठोळं कुणी नेलं?” बहिणी मला घरी घेऊन गेल्या. न्हाल्यावर केसांना गुंडाळायचा पंचा पिठोळं झाला. थंडीत कानाला बांधायची लोकरीची पट्टी पिठोळं झाली. उन्हातून येताना डोक्यावर टाकलेला पदरसुद्धा त्या दोघींपुरता पिठोळं. माझा अर्थ असा ऐसपैस पसरत गेला आणि मी फुशारलो. आपण उद्या कोशात जाणार, अशी स्वप्नंही मला पडू लागली. वेडेपणा सगळा!

मग ती पावातल्या केसाची भानगड झाली. तोवर थोरली टेबलाची मुकादमीण झाली होती. दिवस तापलेले, भट्टीजवळ उभं राहवत नव्हतं. धाकटीला गरगरलं म्हणून तिनं डोक्याचं पिठोळं सोडलं, वारा घेतला आणि तशीच पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक पाव घेऊन आलं. पाव मधोमध फाडलेला आणि त्यातून लांबच लांब केस बाहेर आलेला. मालकानं तो केस दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर नाचवला.

“हे कुणाचं काम? नाव कळलं नाही तर अख्खं टेबल आजच घरी.”

बायका माना खाली घालून उभ्या. कुणाची सासू आजारी, कुणाचा नवरा बसून, कुणाच्या पदरात तान्हं. थोरलीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि बोट केलं ते सख्ख्या बहिणीकडं.

“हिचं. हिनं पिठोळं सोडलं होतं.”

ज्या तोंडानं मला जन्म दिला त्याच तोंडानं मला साक्षीला उभं केलं. खोटं काहीच नव्हतं. पण खरं बोलल्यानंही माणूस मरतं हे मी त्या दिवशी पाहिलं. धाकटी तिथून निघाली. तिनं नोकरी सोडली आणि बहीणही सोडली.

थोरली तिच्या घरी येत राहिली. कधी पाव घेऊन यायची, कधी रिकाम्या हातानं. धाकटी दार उघडायची नाही. शेवटी एक दिवस दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. मी दोघींच्याही तोंडात होतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. दोघी रडत होत्या आणि दोघींनाही ते एकमेकींना कळू द्यायचं नव्हतं.

“अगं, एकीला वाचवलं असतं तर बाकीच्या सगळ्या रस्त्यावर आल्या असत्या.”

“मग त्यांच्याच घरी जा. मला बहीण नाही.”

थोरली म्हणाली, “बरं. आता तू बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकणार नाही. फार काही नको मला. एक शब्द बोल, मी धावत येईन. पण बोलायचं तू, तुझ्या तोंडानं.”

“वाट बघ,” धाकटी म्हणाली.

दोघी एकाच आईच्या. हट्टाला एकीपेक्षा दुसरी सवाई. वाट बघण्यात वर्षं गेली. धाकटीला लेक झाली, लेक मोठी झाली, धाकटीचा नवरा गेला, आणि तरीही त्या घरात मावशीचं नाव निघालं नाही. भिंतीवरच्या फोटोत एका बाजूची बाई कापून टाकलेली होती, धाकटीच्या खांद्यावर नुसता तिचा हात उरला होता.

मी मात्र होतो. याचं मला नवल वाटायचं. माणसं बहिणीचं नाव टाकतात, पण तिनं दिलेला शब्द त्यांना टाकता येत नाही. तो त्यांच्या नकळत तोंडातून निघतच राहतो. “पिठोळं बांध, सर्दी होईल,” असं धाकटी लेकीला म्हणायची आणि दर वेळी तिचा आवाज अर्ध्या क्षणापुरता अडखळायचा. तो अडखळलेला अर्धा क्षण म्हणजे थोरली. तेवढं फक्त मला कळायचं.

लेकीला वाटायचं मी सगळ्यांच्याच घरी असतो. एकदा दुकानात जाऊन तिनं ऐटीत पिठोळं मागितलं. दुकानदारानं तिला आधी पिठाची पिशवी दाखवली, मग चाळणी, आणि शेवटी म्हणाला, “बाळ, आईला पाठव.” तेव्हापासून तिनं बाहेर स्कार्फ आणि घरात पिठोळं अशी वाटणी करून टाकली. त्या दिवशी घरी येऊन तिनं आईला विचारलं होतं, “हा शब्द आला कुठून गं?”

धाकटी भांडी घासत होती. पाण्याची धार तशीच वाहत राहिली.

“कुठून म्हणजे? शब्द असतातच,” ती म्हणाली.

माझा अर्थ लेकीला मिळाला, माझा उगम मिळाला नाही. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला कुठून आलास म्हणून कोण विचारतं, आणि विचारून करायचं काय, असंच मला वाटायचं. आता वाटतं, त्या एका उत्तरापायी सगळं गेलं.

एका सकाळी धाकटी चहाचा कप उचलायला गेली आणि कप हातातून निसटला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची एक बाजू एकदम परकी झाली. लेक आणि जावई तिला दवाखान्यात घेऊन गेले. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या तोंडातलं घर रिकामं झालं होतं. जन्मभर जमवलेले शब्द, पाणी, पलंग, लेकीचं नाव, स्वतःचं नाव, शिव्या, सगळे निघून गेले होते. त्या ओसाड घरात एका कोपऱ्यात मी तेवढा उरलो होतो.

लेक तिच्या तोंडाशी वाकली. “आई, काय होतंय? काय हवंय?”

आईनं सगळी ताकद गोळा केली, ओठ जुळवले आणि म्हणाली, “पिठोळं.”

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूला असा मार बसला की कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. तोच का, हे सांगता येत नाही. पेशंटला आतून सगळं कळत असतं, मनात वाक्यं असतात, बाहेर मात्र तेवढंच येतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला अभिमान वाटला. ‘आई’, ‘देव’, ‘पाणी’ अशी मोठमोठी मंडळी पळून गेली आणि हा बेकरीतला गावंढळ ठामपणे उभा राहिला! पण तो अभिमान दोन दिवसही टिकला नाही. मी एवढासा, डोक्याला बांधायच्या फडक्यापुरता घडवलेला. तिनं माझ्यावर सगळं आयुष्य लादलं. तहान लागली तरी पिठोळं. पाठ दुखली तरी पिठोळं. लेक दमलेली दिसली, तिला जवळ घ्यावंसं वाटलं, तरी पिठोळं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी माझी गत झाली. मी वाकलो, मोडायला आलो, पण तिच्याजवळ दुसरं होतं कोण?

आणि या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती. तीच ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हणायची. धड असलेला डावा हात दाराकडं करायची आणि म्हणायची, “पिठोळं. पिठोळं.” तिला बहीण हवी होती. मरण समोर उभं राहिल्यावर तिचा जन्माचा हट्ट बर्फासारखा वितळून गेला होता. थोरलीनं एकच शब्द मागितला होता ना, तिच्या तोंडचा? तो ती देत होती. दारापलीकडं अजून थोरली उभी आहे असं समजून ती तिला हाका मारत होती. दुसरी कुठली हाक तिच्याजवळ नव्हती, आणि असती तरी याहून नेमकी नसती. मी त्या दोघींचाच होतो.

हे मला कळत होतं. घरात दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. लेकीला माझा अर्थ पक्का ठाऊक होता, म्हणून तिनं आईला पिठोळं बांधलं.

पहिल्या दिवशी पांढरं सुती. आईनं डाव्या हातानं ते ओढून काढलं आणि दाराकडं बोट केलं. लेक म्हणाली, “टोचतंय का? बदलते.” मग मऊ, फुलाफुलांचं आलं. तेही काढून फेकलं. जावई भला माणूस, सासूवर माया करणारा. कामावरून येताना वाटेत बाजार दिसला की तो थांबायचा. कधी निळं, कधी चौकड्यांचं, एकदा तर जरीचं. “बघा सासूबाई, आज थेट महाराणीचं पिठोळं आणलंय!” असं म्हणत तो स्वतःच्या डोक्याला बांधून दाखवायचा. धाकटी हसायची. अर्ध्या तोंडाचं ते हसू पाहून नवरा-बायकोला वाटायचं, चला, हे आवडलं. मग तिचे डोळे भरायचे आणि हात पुन्हा दाराकडं जायचा.

“बाहेर जायचंय का तुला? ऊन आहे, पिठोळं बांधून जाऊ.” लेक चाकाची खुर्ची काढायची, डोकं बांधायची, तिला रस्त्यावर फिरवून आणायची. धाकटी रस्त्यावरच्या प्रत्येक म्हातारीकडं मान वळवून बघायची. घरी आल्यावर पलंगाशी फडक्यांचा ढीग आणि तिच्या तोंडात पुन्हा मी. चुकत कुणाचंच नव्हतं. सगळी मंडळी मनापासून, जीव तोडून चुकीच्या गोष्टी आणत होती.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्या चित्रं दाखवायच्या, पेला, घर, मांजर. धाकटी प्रत्येकाला मला लावायची. एका चित्रात दोन मुली झोपाळ्यावर बसल्या होत्या. ते पाहिल्यावर तिनं चित्र डाव्या मुठीत घट्ट धरलं, छातीशी नेलं आणि ओरडायलाच लागली, “पिठोळं! पिठोळं! पिठोळं!”

बाईंनी लेकीला विचारलं, “हा काय शब्द आहे?”

“आमच्या घरातला आहे. डोक्याला बांधायचं फडकं.”

“कुठून आला?”

“काय माहीत. तीच म्हणायची.”

बाईंनी मान हलवली आणि पुढचं चित्र काढलं, किल्लीचं. मी जिभेवर तडफडत होतो. कुणीतरी माझा हात धरून मला त्या बेकरीपर्यंत मागं नेलं असतं तर गोष्ट सोपी होती. तिथं थोरली भेटली असती. पण माणसं अर्थापाशी थांबतात. अर्थ कळला की शब्द कळला, असं त्यांना वाटतं.

लेकीची घरबसल्या फोनवरची नोकरी होती. कानाला यंत्र लावून ती दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि गोड आवाजात उत्तरं द्यायची. मागून आईचा आवाज जायचा. फोनवरची माणसं विचारायची, “हे मागं काय चाललंय?” वरच्या साहेबांनी तिला एकदा समज दिली, मग दुसऱ्यांदा दिली. ती आईचं सगळं करायची, अंथरूण बदलायची, भरवायची, पुसायची, आणि पुन्हा तोंडावर हसू आणून फोनला बसायची. माणसाच्या अंगात किती असतं हो? एक दिवस फोनवर कुणीतरी तिच्यावर ओरडत होतं आणि त्याच वेळी मागून आई सुरू झाली, पिठोळं, पिठोळं, पिठोळं. फोन पलीकडून आपटला गेला. लेकीनं कानाचं यंत्र काढलं आणि ती आईपुढं येऊन उभी राहिली.

“आई, पुरे! किती पिठोळी बांधू तुला? हे बघ, ही एवढी पडलीत! माझी नोकरी जाईल, मग काय खायचं आपण, पिठोळी? हा शब्द पुन्हा नको काढूस या घरात. पाया पडते तुझ्या, नको काढूस!”

ती खरंच पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. आईनं डावा हात तिच्या केसांवर ठेवला. ती माफी मागायला गेली, आणि माफी म्हणूनही तिच्याजवळ मीच होतो. मी ओठांपर्यंत आलो. तिनं मला तिथूनच आत घेतलं आणि तोंड मिटलं.

मिटलं ते मिटलंच. लेकीसाठी तिनं स्वतःचा शेवटचा शब्द गिळला. मी तिच्या दातांमागं बसून राहिलो. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता सुधारणा दिसत नाही, काही दिवस थांबू. जावयानं फडकी आणायचं बंद केलं. घर शांत झालं. लेक आतून कुरतडली जात होती. पलंगाशी बसून ती कधी कधी म्हणायची, “आई, रागावलीस? बोल गं.” पण ‘तोच शब्द बोल’ असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. आणि आई बोलायची नाही. दिलेला शब्द पाळायची त्या घराण्याची जुनी खोड.

अशात म्हातारा भट्टीवाला वाटेनं जाताना सहज डोकावला. धाकटीला तशी मुकी पडलेली पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना तो थेट थोरलीकडं गेला असावा, कारण पुढच्याच सकाळी दार वाजलं आणि लेकीनं उघडलं तर दारात एक काटक म्हातारी उभी होती.

“मी तुझी मावशी,” ती म्हणाली. “बोलावलं नाही कुणी, तरी आलेय.”

आपलं म्हणणं मोडून ती आली होती. कुठल्या जिवावर उंबरा ओलांडला तिचं तिला माहीत. लेकीनं मावशीबद्दल बाहेर कुठंतरी नुसती कुजबुज ऐकलेली, ती गोंधळून बाजूला झाली. थोरली पलंगाशी बसली. धाकटीनं डोळे उघडले.

त्या दोघींनी एकमेकींकडं किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही. मला एवढंच वाटत होतं, आता सुटलो. आता ती मला बोलेल आणि थोरलीला सगळं कळेल. जगाच्या पाठीवर तीच एक आहे जिला मला ऐकून फडकं आणायला जावं लागणार नाही.

“बोल काहीतरी,” थोरली म्हणाली. “एक शब्द बोल गं. शिवी दे, चालेल. चालती हो म्हण, चालेल. एक शब्द बोल.”

धाकटीनं लेकीकडं पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. मग ती थोरलीकडं वळली आणि तिचे ओठ हलले. मी निघालो. ओठ जुळले, वाकड्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ‘पि’ एवढं अर्ध्या हवेचं बाहेर आलं.

लेक पटकन पुढं झाली. परक्या माणसापुढं आईचं हसं होऊ नये, तिला श्रम होऊ नयेत, आणि आपण तिच्यावर ओरडलो होतो ते उघडं पडू नये, हे सगळं तिच्या मनात एकदमच आलं असणार. तिनं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि आईचं तोंड मायेनं पुसलं.

“राहू दे आई. दमशील,” ती म्हणाली. मग मावशीला म्हणाली, “तिची वाचा गेलीय हो. काही बोलत नाही ती आता.”

टॉवेलनं मला परत आत ढकललं. धाकटीनं तोंड भिंतीकडं फिरवलं, कारण तिला रडू फुटलं होतं. थोरलीला फक्त फिरवलेलं तोंड दिसलं. ती उठली. पलंगाच्या कडेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

“अजून राग आहे तिचा,” ती लेकीला म्हणाली. “असू दे. मी तिच्या जागी असते तर माझाही गेला नसता.”

ती गेली. पायऱ्या उतरताना तिची पावलं भिंतीमागून ऐकू येत होती. धाकटी डावा हात पलंगावर आपटत राहिली. लेकीला वाटलं, उशी सरकली म्हणून आपटतेय. तिनं उशी नीट केली.

त्यानंतर धाकटी फार दिवस राहिली नाही. एका दुपारी लेक फोनवर कुणाचीतरी तक्रार लिहून घेत होती तेव्हा ती गेली. मी तिच्या मिटलेल्या तोंडातच होतो. मग त्या तोंडात हवाच उरली नाही आणि मी तिच्यापुरता संपलो.

आता भेटायला माणसं येतात. आलेली माणसं जे विचारतात तेच विचारतात. किती दिवस आजारी होत्या, त्रास झाला का, जाताना काही बोलल्या का. काल थोरलीही आली. सगळे उठून गेल्यावर ती मागं थांबली आणि तिनंही तेच विचारलं, फक्त अगदी हळू आवाजात विचारलं.

“जाताना काही बोलली का गं?”

मी लेकीच्या तोंडात होतो. जिभेवर आलो होतो. तिला आठवत होतं, सगळं आठवत होतं. पण माणसं जाताना देवाचं नाव घेतात, लेकरांचं नाव घेतात. आपली आई डोक्याच्या फडक्याचं नाव घेत होती आणि तेही आपण बंद केलं, हे कुणाला कसं सांगायचं?

“नाही मावशी,” ती म्हणाली. “काहीच नाही बोलली.”

थोरलीनं मान हलवली. तिच्या तोंडातही मी होतोच, जुना, पहिला, पोत्याच्या कापडाचा. पण एकटं राहणाऱ्या माणसानं मला बोलून दाखवायचं कुणाला? दोघी समोरासमोर बसल्या होत्या, चहा निवून गेला होता, आणि दोघींच्या मिटल्या तोंडांत मी दोन ठिकाणी कोंडला गेलो होतो. थोड्या वेळानं थोरली काठी घेऊन उठली.

मी आता फार दिवस उरणार नाही. लेक मला तोंडात येऊ देत नाही, न्हाल्यावर केस पुसते आणि पंचा मुकाट्यानं गुंडाळते. थोरली थकली आहे. ती गेली की मीही गेलो. त्याचं मला दुःख नाही. शब्द रोज मरतात, त्यांना कोण खांदा देतं? पण मला एक निरोप दिला होता आणि तो माझ्याकडून पोचला नाही. मी एवढासा होतो हो, मला तो पेलला नाही.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या तोंडात दुसरे पुष्कळ शब्द आहेत. आपल्या बहिणीनं आपल्याला बोलावलं नाही असं समजून जगणारी एखादी काटक म्हातारी तुला कुठं भेटली, तर तिला माझ्या वतीनं सांग. सांग की तिनं बोलावलं होतं. रोज बोलावलं होतं, दिवसभर बोलावलं होतं, तोंड मिटेपर्यंत तिनं दुसरं काही केलंच नव्हतं.